साच्यावरचा शेंदूर

खंडेनवमीच्या दिवशी तासगावकरांच्या घरात भांडायचं नाही, अशी रीत होती. वर्षाचे बाकीचे दिवस त्यासाठी मोकळे होते आणि तासगावकरांनी ते सहसा वाया घालवले नव्हते. पण त्र्याऐंशी सालची नवमी भांडणाशिवाय पार पडणार नाही, हे हुबळीबाहेर तारिहाळच्या वाटेवरच्या त्यांच्या वीटभट्टीवर विटा वाहणाऱ्या गाढवांनासुद्धा कळून चुकलं होतं.

मुकुंदराव आणि श्रीकांत, दोघे सख्खे भाऊ, अकरा दिवस एकमेकांशी बोलले नव्हते. अकरा दिवसांपूर्वी धारवाडहून दोन ट्रक विटा परत आल्या होत्या. तिथं एका वसतिगृहाचं बांधकाम चाललं होतं. कंत्राटदारानं तासगावकरांच्या विटा दुसऱ्या भट्टीच्या विटांशेजारी लावून पाहिल्या, तर सांधे जुळेनात. नऊ इंची म्हणून घेतलेली वीट मोजली तर तीन सूत कमी. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. तुम्हाआम्हाला ते दिसायचंही नाही, पण गवंड्याची सगळी अक्कल त्यातच असते. कंत्राटदार स्वतः भट्टीवर आला आणि कामगारांच्या देखत म्हणाला, "काय तासगावकर, माती चोरून विकताय होय?"

त्यावर मुकुंदराव एवढंच म्हणाले होते, "साच्याचं काम धाकट्याकडं असतंय."

एवढंच. पण ते वाक्य श्रीकांतच्या बायकोच्या, कौसल्येच्या काळजात जाऊन बसलं ते उठायला तयार नव्हतं. नवरा त्या दिवसापासून ताटावर बसायचा आणि ताटाकडे बघून उठायचा. भांडला असता, ओरडला असता तरी तिला बरं वाटलं असतं. पण श्रीकांतचा स्वभाव असा की कुणी चिमटा काढला तर हा आपलंच चुकलं म्हणून चोळत बसायचा.

आणि मुकुंदरावांनी पुढचंही ठरवून टाकलं होतं. भट्टीची जागा तारिहाळच्या एका कारखानदाराला हवी होती. उद्या दसरा. उद्या सोनं म्हणून बन्नीची पानं वाटायची आणि त्याच हातानं कागदावर सही करायची. "अप्पांचं नाव चोर म्हणून घेतलं गेलं," ते बायकोला, शकुंतलावहिनींना, म्हणाले होते, "आता ह्या भट्टीत मी जाळ घालणार नाही." जावेनं ते जसंच्या तसं कौसल्येला आणून सांगितलं आणि वर डोळे पुसले. त्यांना ही जागा सोडायची नव्हती, पण नवऱ्यापुढे बोलायचीही सवय नव्हती.

कौसल्येला मात्र ती सवय माहेरूनच होती. धारवाडच्या एका ड्रॉइंग मास्तरांची ही मुलगी. लग्नात वडिलांनी सोनं बेताचंच घातलं, पण आपली शिसवी फूटपट्टी तिनं मागितली म्हणून देऊन टाकली. तासगावकरांकडे त्यावर वर्षभर हसण्याचा कार्यक्रम झाला होता. ती फूटपट्टी पिशवीत टाकून कौसल्या अकरा दिवस गावभर हिंडत होती. घरी बांगड्या भरायला जाते म्हणून सांगायची. अकरा दिवसांत एकही नवी बांगडी हातात चढली नाही, हे शकुंतलावहिनींच्या लक्षात आलं होतं, पण त्यांनी विचारलं नाही.

पडवीत पाटावर साचा मांडला होता. हा अप्पांचा मूळ साचा. ज्या साली हुबळी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली, त्या छप्पन साली अप्पांनी, म्हणजे दोघा भावांच्या वडिलांनी, दत्तात्रेय तासगावकरांनी, इथं भट्टी घातली आणि पहिला साचा भट्टीचा सुतार काळप्पा बडिगेर याच्या बापाकडून करून घेतला. सागाच्या चार फळ्यांची ती चौकट. तिच्यात वीट पाडायची नाही, तिची फक्त पूजा करायची. वीट आत जन्म घेते म्हणून शेंदूर तेलात कालवून आतल्या चारही अंगांना लावायचा. मग काळप्पानं आत काडी बसवून माप घ्यायचं, आणि त्या मापानं दिवाळीनंतरच्या हंगामाचे कामाचे साचे करायचे. अप्पांच्या साच्याला टेप लावायचा नाही. कुणी लावला असता तर तो अप्पांवर अविश्वास झाला असता. एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. तेव्हा एकोणीस वर्षांच्या मुकुंदरावांनी पूजा हातात घेतली, ती आजवर एकदाही चुकवली नव्हती.

आजही ते सोवळं नेसून पाटावर बसले होते. काळप्पा खाली पायरीशी उकिडवा बसला होता. श्रीकांत खांबाला टेकून उभा होता, जणू पाहुणाच. शकुंतलावहिनींनी शेंदराची वाटी पुढे केली.

"भाऊजी, थोडं थांबा," कौसल्या म्हणाली.

मुकुंदरावांचा हात वाटीवरच राहिला. धाकट्या भावाची बायको पूजेत बोलते, हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. "काय झालं?"

"काही विचारायचंय. पूजेच्या आधी."

"पूजेनंतर विचार की."

"नंतर उद्या उजाडेल. उद्या तुम्ही सही करणार."

श्रीकांत खांबापासून सुटला. "कौसल्या, गप बस."

"अकरा दिवस गप बसले आहे," ती म्हणाली. पदर खांद्यावर घट्ट ओढून तिनं पिशवीतून फूटपट्टी काढली. काळप्पाला ओळखीचं हत्यार दिसलं तसा तो जरा पुढे सरकला. "आपल्या स्वयंपाकघराची मागची भिंत पहिल्या भट्टीच्या विटांची आहे ना? गिलावा नाही तिला. मी वीट मोजली. नऊ इंच, पूर्ण. दुर्गदबैलच्या बाजारात त्या कापडवाल्यांच्या दुकानाची मागची बाजू, साठ सालची. तीही नऊ."

"मग? अप्पांची वीट ती. नऊच असणार."

"जुन्या हुबळीत विठोबाच्या बोळातलं एक जोतं आहे, सदुसष्टचं. तिथं एक सूत कमी भरलं. मला वाटलं, माझंच चुकलं. दुसऱ्या दिवशी परत गेले. त्या घरच्या बाईंना वाटलं मी घर विकत घ्यायला आले आहे, त्यांनी चहासुद्धा पाजला. एक सूतच कमी."

शकुंतलावहिनींना एवढ्यातही हसू आलं, ते त्यांनी पदरात घातलं.

"आपला गोठा बहात्तरचा. दीड सुताहून जास्त कमी. आणि ह्यांच्याकडं साच्याचं काम कधी आलं, भाऊजी?"

उत्तर काळप्पानं दिलं, खालमानेनं. कौसल्येला तो कानडीत अक्कार, म्हणजे ताई, म्हणायचा. "पंच्याहत्तर साली, अक्कार. नाने इद्दे, मीच होतो की."

हिशेब सगळ्यांना कळला आणि तो कळल्यावर सगळे मुकुंदरावांकडे बघायला लागले. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यातला रंग उतरला.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "धाकट्यानं नाही, तर मी. पंच्याहत्तरच्या आधी साचा माझ्याकडं होता. म्हणजे चोर मी. असंच म्हणायचंय ना तुला? माझ्याच पडवीत, नवमीच्या दिवशी?"

"अण्णा तसं करणार नाहीत," श्रीकांत म्हणाला.

अकरा दिवसांनी तो भावाबद्दल पहिलं वाक्य बोलला होता आणि तेही बायकोच्या विरुद्ध. कौसल्येला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी त्याचं इतकं कौतुक वाटलं की तिचे डोळे भरून आले. अकरा दिवस ज्यानं आपल्याला चोर ठरवलं, त्याच्यासाठी हा माणूस उभा राहत होता. असल्या माणसाचं नाव ती चोरांच्या यादीत राहू देणार नव्हती.

"मी तरी कुठं म्हणते, त्यांनी केलं?" ती म्हणाली. "चोर असता तर एकदाच कापला असता साचा. एकदम अर्धा इंच. केसाकेसानं बावीस वर्षं कोण चोरी करतं? एवढा धीर असलेला माणूस चोर होत नाही. कुणी चोरलेलं नाही, भाऊजी. पण दर वर्षी केसभर काहीतरी होतंय. दर वर्षी, न चुकता. आपण न चुकता काय करतो?"

तिची नजर वाटीवर गेली. त्या पाठोपाठ सगळ्यांची गेली.

हे तिला काल दुपारी कळलं होतं. साचा पुसून ठेवताना तिचं बोट कोपऱ्याला लागलं आणि लाकडाचा कोपरा बोटाला सापडेचना, सगळं गोल झालं होतं. ती रात्रभर झोपली नव्हती. आता ती वाकली आणि कुणी अडवायच्या आत तिनं साच्याच्या आतल्या अंगाला, काठाशी, अंगठ्याचं नख घातलं. रुपयाएवढी खपली सुटून पाटावर पडली.

"अगं बाई!" शकुंतलावहिनींनी तोंडावर हात ठेवला. शेंदूर सुटणं म्हणजे अपशकुन.

कौसल्येनं खपली उचलून फूटपट्टीवर आडवी धरली. तिच्या कडेला थर दिसत होते, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे, एकावर एक. "काळप्पा, बघा. किती?"

काळप्पानं डोळे बारीक केले. "दीड सूत, अक्कार."

"समोरच्या अंगाचं दीड. मिळून किती?"

काळप्पानं तीन बोटं वर केली आणि तशीच धरून ठेवली. मग कपाळावर हात मारून घेतला. बावीस वर्षं तो आणि त्याचा बाप ह्याच साच्यात काडी बसवून माप घेत आले होते आणि दर वर्षीची काडी पूजा म्हणून भट्टीच्या जाळात टाकत आले होते. एक जरी काडी ठेवली असती तर दुसरीशी ताडून पाहता आली असती.

श्रीकांत पाटाशी येऊन बसला. "अण्णा, कुणीच काही केलं नाही. शेंदूर आहे हा नुसता. खरवडला की साचा मोकळा होतोय. परत नऊची वीट पडेल. धारवाडला माल बदलून देऊ."

"खरवडायचा?" मुकुंदरावांनी साचा दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला. "अप्पांनी घालून दिलेली रीत आहे ही. तळाचा शेंदूर त्यांच्या हातचा आहे, श्रीकांत. त्यांच्या बोटांचा. तू अकरा वर्षांचा होतास, तुला काय आठवणार? मला माझ्या बापाचं तेवढंच राहिलंय. भट्टी गेली तर जाऊ दे. ह्याला कुणी हत्यार लावायचं नाही."

आणि ते रडले. मोठा आवाज न करता, पण लपवलंही नाही. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, भट्टीवर ज्याच्या खाकरण्यानं कामगार उठून उभे राहायचे, तो साचा मांडीवर घेऊन रडत होता. कौसल्येच्या पुढे आता दीर नव्हता, एकोणीस वर्षांचा मुलगा होता. तिच्याकडे माप होतं, हिशेब होता, पण ते दोन्ही इथं कामाचे नव्हते. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण मागेही सरावंसं वाटेना.

मग तिच्या मनात एक प्रश्न आला. अप्पा पूजा करायचे तेव्हा तबक कोण द्यायचं?

ती उठली आणि तडक स्वयंपाकघरात गेली. सासूबाई, कृष्णाबाई, चुलीपुढे होळगी, म्हणजे पुरणपोळ्या, भाजत होत्या. नवमीच्या सकाळी त्या तिथंच असायच्या. पडवीतल्या पूजेला विधवेनं यायचं नाही, असं त्यांना कुणी तोंडानं सांगितलं नव्हतं. पण बोलावलंही नव्हतं आणि बावीस वर्षांत हे न बोलावणंच पक्कं होऊन बसलं होतं.

"आई, बाहेर चला."

"मी? पूजा चाललीय ना गं?"

"म्हणूनच. ऐकलंत ना सगळं?"

"भिंत आपलीच आहे, छप्पन सालची," कृष्णाबाई म्हणाल्या. "पण तिच्यातून अजून ऐकू येतं हो." तव्यावरची होळगी त्यांनी उतरवली आणि त्या उठल्या. हातातलं उलथणं ठेवायचं त्या विसरल्या, की मुद्दामच घेऊन निघाल्या, हे कौसल्येला पुढेही कधी विचारता आलं नाही.

त्या पडवीच्या उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. शकुंतलावहिनी गडबडून बाजूला झाल्या. मुकुंदरावांनी डोळे पुसले. "आई, तू कशाला..."

"मुकुंदा, तळाचा शेंदूर तुझ्या अप्पांचा. बरोबर आहे. पण तो एकच लेप आहे. साठ सालचा."

"एकच कसा? छप्पनपासून ते लावत होते. मी बघितलंय ना."

"तू लावताना बघितलंस. तुम्ही पोरं उठून आंघोळी करून यायचात तेव्हा ते लेप लावायला बसलेले असायचे. त्याच्या आधी, पहाटे, चांदणी असताना उठायचे. साच्याला कोमट तेल लावायचे आणि मागच्या वर्षीचा शेंदूर सगळा खरवडून काढायचे. लाकूड दिसेपर्यंत. कंदील मी धरायची. मी म्हटलं एकदा, देवाच्या अंगावरचं कशाला काढता? तर म्हणाले, आंघोळ घातल्याशिवाय नवं नेसवतेस का पोरांना? खरवड मी पानावर गोळा करून तुळशीत घालायची."

काळप्पा उठून उभा राहिला होता.

"मग सांगितलं का नाहीस?" मुकुंदरावांनी विचारलं. "बावीस वर्षं, आई."

"मी कुठं होते पूजेला?" कृष्णाबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "मी होळगी भाजत होते. मला वाटायचं, पोरगा पहाटे उठून करत असेल. बापाचं सगळंच तर करत होतास."

शकुंतलावहिनी आत गेल्या आणि पळीभर कोमट तेल घेऊन आल्या. नवऱ्याकडे न बघता त्यांनी ते सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं. एवढं धाडस त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच केलं असेल. कौसल्येनं सरकून त्यांना जागा दिली.

"आण इकडं," कृष्णाबाई उंबऱ्याशी खाली बसत म्हणाल्या. मुकुंदरावांनी साचा छातीशी धरून ठेवला, एक क्षण, दोन क्षण, आणि मग आईच्या मांडीवर दिला.

कृष्णाबाईंनी उलथण्याची कड तेलात बुडवून साच्याच्या आत घातली. शेंदराचे पापुद्रे सुटायला लागले. ते पडत गेले तसे शकुंतलावहिनी केळीच्या पानावर गोळा करत होत्या. वरचे भडक केशरी, खालचे काळपट. एका कोपऱ्याशी कृष्णाबाईंचा हात थांबला. सगळ्यात तळाशी एक पातळ, विटकरी झालेला थर उरला होता, त्याच्यातून लाकडाच्या रेषा दिसत होत्या. बोट फिरल्याची वळणंही दिसत होती.

"हा त्यांचा," त्या म्हणाल्या आणि उलथणं मुलाच्या हातात दिलं. "हा तू काढ. त्यांनी तुझ्यासाठी ठेवला असता का कधी? दर वर्षी स्वतःचाच काढायचे."

मुकुंदरावांनी काढला. चारही अंगं उघडी पडली, कोपरे काटकोनात दिसले. काळप्पानं काडी आत बसवली, करवतीनं टोक छाटलं, पुन्हा बसवली. काडी अलगद बसली. कौसल्येनं फूटपट्टी पुढे केली. मुकुंदरावांनी ती घेतली आणि अप्पांच्या साच्याला आयुष्यात पहिल्यांदा माप लावलं. नऊ इंच, पूर्ण.

"काडी ठेव, काळप्पा," ते म्हणाले. "जाळायची नाही आता. दर वर्षीची ठेवायची." मग ते श्रीकांतकडे वळले. जमिनीकडे बघत म्हणाले, "उद्या कारखानदाराला नाही म्हणून सांग. मी धारवाडला जातो. कामगारांच्या देखतच सांगतो त्या कंत्राटदाराला."

"काय सांगणार, अण्णा?"

"साच्याचं काम थोरल्याकडं असतंय, म्हणून."

श्रीकांतनं पाटावरची हळदकुंकवाची कोयरी उगाचच उजवीकडची डावीकडे ठेवली. "मी पण येतो," तो शेवटी म्हणाला. "दोन ट्रकांचा माल आहे. दिवाळीनंतरची पहिली भट्टी त्यांचीच लावू."

शेंदराची वाटी अजून तशीच होती. मुकुंदरावांनी ती उचलली आणि आईपुढे धरली. कृष्णाबाई दचकल्या, मागे सरल्या. पण वाटी हलली नाही. मोठ्या मुलाचा हट्ट कुणावर गेला आहे, हे त्यांना चांगलंच माहीत होतं. त्यांनी बोट बुडवलं. लेप लावला तो इतका पातळ, की सागाच्या रेषा खालून दिसत राहिल्या.

मग उंबऱ्याला धरून उठताना त्यांनी कौसल्येकडे पाहिलं.

"पुढल्या नवमीला पहाटे लवकर ऊठ गं," त्या म्हणाल्या. "कंदील धरायला कुणीतरी लागतं."